डेल्सफर्ड : वाडा परत मिळाला, गावाचं काय?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून इंग्लंडमधल्या खेड्याकडे कुठं निघालात?" तत्त्वज्ञान सोडलेलं नाही. एखादी गोष्ट 'कुणाची' असते म्हणजे काय, आणि इतिहास 'कशाचा' लिहिला जातो, हे दोन प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत. ते हवेत ठेवून बोलण्यापेक्षा एका गावाच्या मातीत उतरवून पाहू. त्यासाठी आज एक गाव आणि एक निबंध घेतला आहे. गाव डेल्सफर्ड. निबंध मेकॉलेचा, वॉरन हेस्टिंग्जवरचा, १८४१ साली 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्ये आलेला. ग्लेग नावाच्या चरित्रकारानं हेस्टिंग्जचं तीन खंडी चरित्र लिहिलं होतं, त्याचं हे परीक्षण. परीक्षणच मूळ पुस्तकापेक्षा जास्त गाजलं. ग्लेग आज कुणी वाचत नाही, मेकॉले वाचतात. आपल्याकडच्या कॉलेजांतून तर कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्यावर मेकॉलेची छाप आहे असं आपले समीक्षक सांगत आले आहेत. तेव्हा हा मजकूर आपल्याला अगदीच परका नाही.

आधी गाव कुठं आहे ते सांगतो. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांत, स्टो-ऑन-द-वोल्डच्या पूर्वेला, इव्हनलोड नदीच्या अंगाला हे चिमुकलं गाव आहे. थोडी घरं, एक चर्च आणि एक मोठा वाडा. नकाशावर याची एक गंमत आहे. चारही बाजूंनी ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्डशर, पण डेल्सफर्ड १९३१ पर्यंत वुस्टरशर परगण्यात मोडत होतं. मूळ परगण्यापासून तुटलेला एक तुकडाच म्हणा. कारण काय, तर मध्ययुगात ही जमीन वुस्टरच्या बिशपच्या ताब्यातल्या मोठ्या मुलखाचा भाग होती. नदी कुठं वाहते, बाजार कुठं भरतो, लोक कुठल्या वाटेनं जातात, याचा त्या सीमेशी संबंध नाही. जमिनीचा धनी कोण, यावर सीमा ठरली आणि हजारभर वर्षं ती तशीच राहिली. म्हणजे या गावाचा भूगोलसुद्धा मालकीनं काढलेला आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता 'मॅनर' या शब्दाबद्दल दोन वाक्यं. आपण पटकन 'वाडा' किंवा 'गढी' म्हणतो आणि मीही तसंच म्हणणार आहे, पण मॅनर म्हणजे नुसती इमारत नव्हे. मॅनर ही एक व्यवस्था होती. त्यात धन्याची खासगी शेती, कुळांची शेती, कुळांनी धन्याच्या शेतात द्यायचे श्रम, आणि या सगळ्याचे तंटे तोडणारी मॅनरची कचेरी हे सगळं आलं. कुळाचा जमिनीवरचा हक्क या कचेरीच्या दप्तरात नोंदलेला असे, आणि त्या नोंदीची नक्कल हाच त्याचा कागद. म्हणून त्या हक्काला 'कॉपीहोल्ड' म्हणत. हा प्रकार कायद्यानं पूर्ण बंद झाला तो थेट १ जानेवारी १९२६ ला. म्हणजे मध्ययुगातली म्हणून आपण जी गोष्ट बाजूला ठेवतो, तिचं शेपूट विसाव्या शतकापर्यंत लांबलेलं होतं.

आता मेकॉलेकडे येऊ. त्याची कथा मी माझ्या शब्दांत सांगतो. डेल्सफर्डचे हेस्टिंग्ज हे जुनं घराणं. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात घराण्याचा कर्ता पुरुष राजाच्या बाजूनं उभा राहिला आणि त्यात पैसा-जमीन घालवून बसला. वाडा राहिला, पण तो सांभाळायची ऐपत राहिली नाही. पुढं १७१५ साली घराण्यानं मॅनर एका व्यापाऱ्याला विकून टाकली. त्याच घराण्यातला एक जण गावचा धर्मोपदेशक म्हणून राहिला होता. त्याचा नातू वॉरन, जन्म १७३२, शेजारच्या चर्चिल गावचा. आई लगेच वारली, बाप सोडून गेला. पोरका पोरगा आजोबांच्या घरी वाढला, गावच्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसून अक्षरं शिकला. सात वर्षांचा असताना उन्हाळ्यातल्या एका दिवशी ओढ्याच्या काठी पडून त्यानं मनाशी ठरवलं की आपल्या पूर्वजांची ही जमीन मी परत मिळवीन. पुढं तो हिंदुस्थानात गेला, बंगालचा गव्हर्नर झाला, गव्हर्नर-जनरल झाला, कोट्यवधी लोकांवर राज्य केलं, लढाया, तह, वसुली सगळं केलं, आणि या सगळ्यात त्याचं मन डेल्सफर्डकडे लागलेलं होतं. १७८५ ला परतला, १७८८ ला मॅनर विकत घेतली, वाडा बांधला आणि तिथंच १८१८ साली मेला.

कथा सुंदर आहे. वाचताना आपणसुद्धा त्या पोराच्या बाजूचे होतो. एखाद्या कोकणातल्या माणसाला विचारा, मुंबईला जाऊन पैसा करायचा आणि गावचं गहाण पडलेलं घर सोडवायचं, या स्वप्नाला त्याच्या घरात काय किंमत होती. म्हणूनच ही कथा जपून वाचायला हवी. जी कथा आपल्याला आतून पटते, तिच्यात काय सरकवलेलं आहे हे आपण तपासत नाही.

माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप 'परत मिळवणं' या कल्पनेवर. परत काय मिळतं? जे आपलं असून हिरावून घेतलं गेलं, ते. इथं कुणी काही हिरावून घेतलं नव्हतं. घराण्याला झेपेना म्हणून त्यानं मॅनर विकली, दुसऱ्यानं पैसे मोजून घेतली. व्यवहार चोख होता. तरी मेकॉलेच्या मांडणीत ती जमीन परक्यांच्या हाती गेलेली आहे, आणि मूळ धन्याच्या वंशजाकडे ती परत येणं हा न्याय आहे. 'परका' हा शब्द तोलून पाहा. इंग्लंडमध्ये रीतसर पैसे देऊन जमीन घेणारा इंग्रज माणूस परका ठरतो. आणि बंगालची दिवाणी हाती घेऊन तिथला महसूल गोळा करणारी कंपनी? तिच्याबद्दल निबंधात कडक शब्द आहेत, पण हा प्रश्न त्या रीतीनं येत नाही. एकाच लेखात मालकीची दोन मापं आहेत. डेल्सफर्डमध्ये मालकी म्हणजे रक्त आणि स्मृती. बंगालमध्ये मालकी म्हणजे सनद आणि ताकद.

शिवाय वस्तुस्थिती बघा. जुना वाडा पडीक झाला होता, हे मेकॉले स्वतः सांगतो. हेस्टिंग्जनं बांधलं ते नवंच घर. वास्तुरचनाकार सॅम्युअल पेपीज कोकरेल, काम १७८८ ते १७९३. घराला घुमट आहे, आत टॉमस बँक्स या शिल्पकारानं केलेली, हिंदुस्थानी आकृत्या कोरलेली चूल आहे. याच कोकरेलनं नंतर जवळच सेझिनकोटला भावासाठी घर बांधलं, ते तर बाहेरून सरळ मोगल धाटणीचं. तेव्हा पूर्वजांचं जुनं घर पुन्हा उभं केलं म्हणणं बरोबर नाही. पूर्वजांच्या जागेवर कलकत्त्याहून परतलेल्या माणसाचं घर उभं राहिलं. आणि वंशाचं म्हणाल, तर हेस्टिंग्जनंतर त्याची पत्नी मेरियन, आणि तिच्यानंतर तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा चार्ल्स इम्हॉफ, असा वारसा गेला. म्हणजे मेकॉले १८४१ ला वंशाच्या पुनःस्थापनेबद्दल लिहीत होता, त्या वेळी वाड्यात हेस्टिंग्ज घराण्याच्या रक्ताचा धनी नव्हता. १८५३ ला इम्हॉफ वारला आणि मॅनर पुन्हा विकली गेली, ग्राइजवूड नावाच्या गृहस्थाला. ज्या 'परत येण्या'साठी एवढा खटाटोप, ते पासष्ट वर्षं टिकलं. हेस्टिंग्जनं १८१६ साली चर्च नव्यानं बांधून घेतलं होतं, तेही नव्या धन्यानं १८६० च्या सुमारास पाडून दुसरं बांधलं.

दुसरा आक्षेप गावाबद्दल. निबंधात गाव आहे कुठं? आहे, दोन ठिकाणी. सुरुवातीला शेतकऱ्यांची मुलं शाळेच्या बाकावर आहेत आणि नांगरणाऱ्या लोकांना या हुशार पोराचं कौतुक आहे. अगदी शेवटी, हेस्टिंग्जला चर्चच्या मागं पुरलं त्या वर्णनात, तीच जागा येते जिथं तो लहानपणी नांगरणाऱ्यांच्या मुलांबरोबर खेळला असेल. मधल्या पानांत ती मुलं नाहीत. ती मोठी झाली का, कॉपीहोल्ड होती की मजुरीवर होती, वाडा पुन्हा उभा राहिला तेव्हा त्यांची घरं कुठं होती, तळं खोदायला फावडं कुणी धरलं, यातलं काही नाही. मेकॉलेसाठी ती मुलं म्हणजे पट्टीवरची शून्याची खूण. हेस्टिंग्ज किती वर चढला हे मोजायला खालची खूण लागते, तेवढंच त्यांचं काम.

आता कुणी म्हणेल, मेकॉले चरित्राचं परीक्षण लिहीत होता, गावाचा इतिहास नव्हे. बरोबर आहे. मग गावांचे इतिहास लिहिणाऱ्यांकडे जाऊ. १८९९ साली इंग्लंडात 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री' नावाचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला, तो आजही चालू आहे. प्रत्येक परगण्यातल्या प्रत्येक पॅरिशचा इतिहास लिहायचा, अशी ती महत्त्वाकांक्षा. काम अतिशय काटेकोर, त्याबद्दल आदरच आहे. पण जुन्या खंडांचा साचा बघा. थोडं भूवर्णन, मग मॅनर, मग चर्च, मग धर्मोपदेशक नेमण्याचा हक्क कुणाकडे, मग धर्मादाय. मॅनरखाली काय, तर अमक्याकडून तमक्याकडे, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून जावयाकडे. गावाचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ. कागदपत्रं मालकांनी जपली म्हणून इतिहास मालकांचा झाला, हे खरं. पण ते कारण आहे, समर्थन नाही.

याच सुमाराला आपल्याकडे, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गांव-गाडा' आलं. आत्रे सरकारी महसूल खात्यातले, त्यांची नजर अधिकाऱ्याची आहे, बलुतेदारांबद्दल ते पुष्कळदा कठोर आहेत. ते सगळं धरूनही, पुस्तकाचा प्रश्न वेगळा आहे. गाव चालतं कसं? कोण कुणाला काय देतं, कोण कुणाच्या जिवावर उभं आहे? पाटलाचा वाडा त्यात आहे, पण तो गाड्याचा एक भाग म्हणून. इंग्रजांकडेही हा प्रश्न नंतर जोरात आला. मॉरिस बेरेसफर्डचं उजाड झालेल्या गावांवरचं पुस्तक १९५४ चं, हॉस्किन्सचं इंग्लंडच्या भूदृश्यावरचं १९५५ चं. बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं उजाड गाव १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं खणलं. दप्तरात ज्यांची नोंद नाही त्यांची चूल, मडकी, हाडं बघितली. आणि १९७३ साली रेमंड विल्यम्सनं 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये वाचकाला सरळ विचारलं की ही टोलेजंग घरं बघून हरखून जाण्याआधी ती उभी राहायला किती जणांचे किती श्रम लागले असतील याचा हिशेब करा. माझा आजचा हिशेब त्याच वाटेनं चालला आहे. फक्त विल्यम्सचा हिशेब मुख्यतः इंग्लंडच्या शेतांत होतो, डेल्सफर्डचा तिथं पुरा होत नाही.

इथून तिसरा आक्षेप, आणि हा मुख्य. वाड्याचा पैसा.

मेकॉलेवर अन्याय करायचा नाही. त्यानं हेस्टिंग्जची तरफदारी केलेली नाही. रोहिल्यांवरची मोहीम, नंदकुमारची फाशी, बनारसच्या चेतसिंगाकडची मागणी, अवधच्या बेगमांचा खजिना, या सगळ्यांवर त्यानं झोड उठवली आहे, काही ठिकाणी पुराव्याच्या पुढं जाऊन. पण डेल्सफर्ड आलं की त्याचा सूर बदलतो. वाडा, तळं, बाग, बंगालची लिची विलायतेत रुजवायचा खटाटोप, तिबेटची शाल-लोकरीची बकरी, सगळं माया लावून सांगितलं आहे. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच या वाड्यावर चाळीस हजार पौंडांहून जास्त खर्च झाल्याचं तो सांगतो, आणि वाक्य पुढं जातं. समारोपात तर त्यानं पडलेलं घराणं सावरणं, जमीन-वाडा परत उभा करणं, आणि साम्राज्य राखणं-वाढवणं, या गोष्टी एकाच शिडीच्या पायऱ्या म्हणून मांडल्या आहेत. दोषांची यादी एका खोलीत आणि वाडा दुसऱ्या खोलीत. मधलं दार बंद.

ते दार उघडायचं म्हणजे काय करायचं? सोपा मार्ग असा की वाडा लाचेच्या पैशाचा आहे असं जाहीर करून टाकायचं. मी तो मार्ग घेणार नाही. एक तर हेस्टिंग्ज क्लाइव्हसारखा अफाट श्रीमंत होऊन परतला नव्हता. पी. जे. मार्शल या इतिहासकारानं त्याच्या खासगी संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात कारकिर्दीभरात विलायतेला पाठवलेली रक्कम दोन लाख पौंडांहून जास्त भरते, पण माणूस उधळा, परतला तेव्हा त्यातलं पुष्कळ उरलेलं नव्हतं. दुसरं, सात वर्षं चाललेल्या महाभियोगातून हाउस ऑफ लॉर्ड्सनं २३ एप्रिल १७९५ ला त्याला निर्दोष सोडलं. खटल्याच्या खर्चानं तो जवळजवळ बुडाला, तेव्हा कंपनीनं त्याला वर्षाला चार हजार पौंडांचं वेतन आणि पन्नास हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं. त्यावर वाडा तगला.

पण युक्तिवाद इथं संपत नाही, इथं सुरू होतो. समजा, एकही पैसा लाचेचा नाही. समजा, सगळा पगाराचाच. गव्हर्नर-जनरलचा पगार १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनं ठरवून दिला होता, वर्षाला पंचवीस हजार पौंड. तो द्यायचा कशातून? बंगालच्या महसुलातून. बंगालचा महसूल म्हणजे मुख्यतः जमिनीचा सारा. आणि त्या साऱ्याची त्या वर्षांतली गोष्ट हेस्टिंग्जनंच लिहून ठेवली आहे. १७६९-७० चा बंगालचा दुष्काळ त्याच्या कारभाराच्या आधीचा, तो त्याच्या माथी मारता येत नाही. पण गव्हर्नर झाल्यावर, नोव्हेंबर १७७२ मध्ये, त्यानं कंपनीच्या संचालकांना कळवलं की प्रांतातली निदान एक तृतीयांश माणसं गेली, आणि तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीपेक्षा जास्त भरली. कारणही त्यानं लपवलेलं नाही. वसुली जबरदस्तीनं जुन्या पातळीवर ठेवली गेली. जी माणसं मेली त्यांच्या वाट्याचा सारा जगलेल्यांकडून.

आता मला सांगा, यात बेकायदेशीर काय आहे? त्या काळच्या कंपनीच्या कायद्यानं काहीही नाही. महाभियोगानं प्रश्न विचारला तो कायद्याचा होता. घेतलं ते वैध की अवैध? एडमंड बर्कनं त्यात नीतीचा जीव ओतायचा प्रयत्न केला, पण चौकट आरोपपत्राचीच राहिली. आणि गंमत अशी की वाड्यांचे इतिहास आजही त्याच चौकटीत लिहिले जातात. धनी लुच्चा होता का सज्जन? सज्जन ठरला की वाडा शुद्ध. माझं म्हणणं असं आहे की डेल्सफर्डच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा आहे. धनी अगदी सज्जन धरला तरी वाड्याच्या विटेपासून बंगालच्या ओसाड गावापर्यंत पैशाची रेघ जाते, आणि ती प्रत्येक ठिकाणी कायदेशीर आहे. अन्याय एखाद्या माणसाच्या हातात नसून हिशेबाच्या रीतीतच असू शकतो. तसा असेल तर माणसाच्या निर्दोष सुटकेनं तो सुटत नाही.

इंग्रजी साहित्याला उजाड खेड्याचं दुःख ठाऊक आहे. गोल्डस्मिथची त्यावरची कविता १७७० ची. त्याच काळात धनिकांनी आपल्या वाड्यासमोरचं दृश्य बिघडतं म्हणून आख्खी गावं हलवली. डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबसचं जुनं गाव लॉर्ड मिल्टननं पाडलं आणि लोकांना नव्या वस्तीत नेलं, ते काम १७८० च्या सुमारास पुरं झालं. त्याची आठवण इंग्लंडनं ठेवली, चांगलं केलं. बंगालची जी गावं त्याच दशकात ओस पडली, त्यांची नावं डेल्सफर्डच्या इतिहासात कोण शोधणार? पण ती त्या इतिहासाचा भाग आहेत. एका गावाचा इतिहास त्याच्या वेशीवर संपत नाही. त्याचा पैसा जिथून येतो तिथपर्यंत गावाची हद्द धरली पाहिजे. डेल्सफर्ड तसंही तुटक हद्दीचं गाव होतं. बिशपच्या मालकीमुळे ते वुस्टरशरचं होऊ शकतं, तर महसुलामुळे बंगालचं का नाही?

आता आपल्या, मराठी मुलखाच्या धाग्याकडे येतो. हेस्टिंग्जच्या कारकिर्दीतच पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं. मुंबईकरांची फौज रघुनाथरावांना घेऊन घाट चढली, जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत आली, मराठ्यांनी तिला कोंडलं आणि वडगावला तहावर सह्या कराव्या लागल्या. तो तह हेस्टिंग्जनं मान्य केला नाही, युद्ध पुढं चालवलं, आणि शेवट झाला १७८२ च्या सालबाईच्या तहानं. ही युद्धं फुकट होत नाहीत. चेतसिंगाकडे वाढीव पैशाची मागणी सुरू झाली, पुढं पन्नास लाखांचा दंड बसवायचं ठरलं, त्यामागं कंपनीची रिकामी झालेली तिजोरी होती, आणि ती रिकामी होण्याचं एक कारण हे युद्ध. म्हणजे नाना आणि महादजींच्या चिवटपणाचं बिल काही अंशी बनारस-अवधच्या नावावर फाडलं गेलं. आपण वडगावचा विजय साजरा करतो, करावा, पण हिशेबाचं हे पानही आपल्याच इतिहासात लावायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगतो, पण सावधगिरीनं. डेल्सफर्डचा वाडा आज बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे, म्हणजे जेसीबी कंपनीचे मालक. आपल्याकडे खोदकामाच्या कुठल्याही यंत्राला 'जेसीबी' म्हणतात, ती आद्याक्षरं संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची. आणि जेसीबीचा पुण्याजवळचा कारखाना कुठं आहे? तळेगावला. जिथं हेस्टिंग्जच्या काळातली कंपनीची फौज अडली, त्याच परिसरात. ऐकताना अंगावर काटा येतो ना? म्हणूनच सावध राहा. हा योगायोग आहे. योगायोगाला कारण समजणं हा तर्काचा जुना दोष आहे, आणि मेकॉलेच्या कथेत तोच दोष देखण्या रूपात आहे. ओढ्याकाठचा संकल्प आणि शेवटची खरेदी यांची टोकं जुळतात, म्हणून मधलं सगळं त्या संकल्पासाठी घडलं असं वाटू लागतं. कथेला हेतू लागतो, इतिहासाला कारणं लागतात. दोन्हींची गल्लत झाली की बंगाल हा एका पोराच्या स्वप्नाचा मधला टप्पा ठरतो.

जाता जाता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. चार्ल्स विल्किन्सनं केलेलं गीतेचं पहिलं इंग्रजी भाषांतर १७८५ साली लंडनला छापलं गेलं, त्याला जोडलेलं शिफारसपत्र हेस्टिंग्जचं आहे, १७८४ सालचं. ते ढोंग नव्हतं, त्याला या ग्रंथाबद्दल खरा आदर होता. पण मेकॉलेचा हेस्टिंग्ज बघा, सगळं कर्म एका फळावर डोळा ठेवून, आणि ते फळ म्हणजे डेल्सफर्ड. दोनातला खरा कोणता? मला वाटतं, दोन्ही खरे असू शकतात. खोटं आहे ते फळाच्या गोडीवरून कर्माचा निवाडा करणं. एखाद्याला घर मिळालं याचा आनंद आपल्याला वाटू शकतो, आणि त्या घराचा हिशेब मागायचा हक्कही आपण सोडायचा नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग अशा वाड्यांचं करायचं काय? पाडायचे? पाट्या लावायच्या?)

चांगला प्रश्न आहे. २०२० साली इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टनं आपल्याकडच्या ९३ जागांचे वसाहतींशी आणि गुलामीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला, तेव्हा तिथं मोठा गदारोळ झाला. आमच्या वारशाला काळं फासता, असं म्हटलं गेलं. मला तो राग कळतो. आपल्या गावच्या वाड्याबद्दल कुणी असं बोललं तर आपणही रागावू. पण हिशेब मांडणं म्हणजे काळं फासणं नाही. पाडू नये. पाडलं की हिशेबाची वहीच जाते. पाटी लावावी, पण पाटीवर धन्याच्या नावाखाली आणखी दोन ओळी असाव्यात. इथं कोण राबलं, आणि पैसा कुठून आला. आणि हाच नियम आपल्या गढ्यांना, वाड्यांना, देवस्थानांनाही लावावा. तिथं तो लावायची तयारी नसेल, तर डेल्सफर्डबद्दल आजच्या तासाभरात मी जे बोललो ते नुसतं दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणं ठरेल.

वेळ झाली. पुढच्या वेळी हाच निबंध पुन्हा हाती घेऊ आणि नंदकुमार प्रकरणात मेकॉले पुराव्याच्या पुढं कुठं जातो ते पाहू. तोवर ज्यांना जमेल त्यांनी मूळ निबंध वाचून या, म्हणजे माझ्याशी भांडता येईल.